सहकार्य आणि संगनमत यांमधली भिंत

लष्करी बांधकामात संगणकीय प्रतिमान आणि सहकारी करार आणावयाचे, तर सरकारी फायलीत दबा धरून बसलेल्या एका जुन्या भीतीचा आधी निकाल लावावा लागेल. तंजावरच्या हवाई तळाच्या निमित्ताने या प्रश्नाचा हा ऊहापोह.

तंजावर म्हटले, की मराठी मनात व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ही नावे आपोआप जागी होतात. राजधानीत नोकरीनिमित्त स्थिरावलेला मराठी अधिकारी दक्षिणेच्या दौऱ्यावर गेला, तर वाट वाकडी करून बृहदीश्वराच्या मंदिरात जातोच. सरफोजीराजांनी १८०३ साली मंदिराच्या आवारातील भिंतीवर कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहून परमुलखात आप्त भेटल्याचा आनंद त्याला होतो. तथापि, या लेखाच्या आठशे वर्षे आधीपासूनच त्या मंदिराच्या भिंती बोलत आल्या आहेत. १०१० साली पूर्णत्वास गेलेल्या या मंदिरावर राजराज चोळाने काय कोरविले? स्वत:च्या, थोरल्या बहिणीच्या आणि राण्यांच्या देणग्या, दागिन्यांची वजने, मंदिरासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे आणि त्यांतील प्रत्येक कोणत्या रांगेतील कितव्या घरात राहते याची नोंद. प्रमुख स्थपती कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन याचे नावही तेथे आहे. म्हणजे वास्तू उभी राहिली आणि तिच्याबरोबर तिची नोंदवहीही उभी राहिली.

याच शहराच्या दक्षिणेस, पुदुक्कोट्टईच्या रस्त्यालगत, दुसऱ्या प्रकारची वास्तुरचना आहे. तेथे शिलालेख नाहीत आणि असणारही नाहीत. तो भारतीय हवाई दलाचा तळ आहे. या तळाच्या निमित्ताने जो प्रश्न विचारावयाचा, तो एका तळापुरता मर्यादित नाही. देशभरच्या लष्करी बांधकामांचा तो आहे. आपण संरक्षणासाठी ज्या वास्तू बांधतो, त्या बांधणाऱ्यांना, वापरणाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना एकाच नोंदवहीत पाहता येतील, अशी व्यवस्था आपल्याला हवी आहे काय? हवी असेल, तर ती येण्यात अडथळा कोणता?

धावपट्टी ते स्क्वाड्रन

तंजावरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. पुढे अनेक दशके तिचा लष्करी उपयोग फारसा झाला नाही. हिंदी महासागरातील हालचाली वाढल्या, सागरी व्यापाराच्या वाटांचे महत्त्व नव्याने पटले, आणि दक्षिणेत लढाऊ विमानांचा कायम तळ असावा, या विचाराने मूळ धरले. २७ मे २०१३ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते हवाई दलाचे हे स्थानक कार्यान्वित झाले. सुखोई-३० एमकेआय विमानांची २२२ क्रमांकाची 'टायगरशार्क्स' ही स्क्वाड्रन मात्र तेथे २० जानेवारी २०२० रोजी दाखल झाली. ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेऊ शकणारी ही विमाने असल्याने या घटनेला सामरिक अर्थ होता.

या दोन तारखांमधील सुमारे पावणेसात वर्षांचे खापर बांधकामावर फोडणे अन्यायाचे होईल. सुखोईवरून ब्रह्मोस डागण्याची पहिली चाचणीच मुळी २२ नोव्हेंबर २०१७ रोजी झाली. विमाने, वैमानिक आणि शस्त्रे यांची आपापली वेळापत्रके असतात. परंतु लढाऊ तळ म्हणजे केवळ धावपट्टी नव्हे, हेही तितकेच खरे. हँगर, विमाने सुरक्षित ठेवण्याचे निवारे, इंधनाची साठवण, दारूगोळ्याची कोठारे, वीजपुरवठा, दळणवळणाच्या केबली, अग्निशमन, पाणी, रुग्णालय, जवानांची व अधिकाऱ्यांची घरे, मुलांची शाळा, हे सारे मिळून तळ होतो. यांतील एक दुवा रेंगाळला, तरी बाकीचे तयार असून निरुपयोगी ठरतात. पूर्ण झालेली इमारत विजेच्या जोडणीअभावी बंद पडून राहिल्याची तक्रार सरकारी बांधकामांच्या बाबतीत आपल्याला नवी नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालांतही विलंब, मंजुरीनंतरचे बदल आणि वापराविना पडून राहिलेल्या मालमत्ता हे विषय वर्षानुवर्षे येत राहिले आहेत.

बांधणारा कोण, वापरणारा कोण?

सेनादलांची बहुतांश बांधकामे लष्करी अभियांत्रिकी सेवा, म्हणजे दिल्लीच्या परिभाषेत 'एमईएस', करते. २६ सप्टेंबर १९२३ रोजी स्थापन झालेली ही यंत्रणा शंभरी ओलांडून पुढे गेली आहे. ती लष्कराच्या मुख्य अभियंत्याच्या, म्हणजे इंजिनिअर-इन-चीफ यांच्या अखत्यारीत येते. परंतु भूदल, नौदल, हवाई दल, तटरक्षक दल आणि संरक्षण संशोधन संस्था अशा सर्वांची कामे तिच्याकडे असतात. त्यामुळे हवाई तळावर वापरणारा एक, बांधणारा दुसरा, जमीन सांभाळणारा संरक्षण संपदा विभाग तिसरा, पैशास संमती देणारा वित्त विभाग चौथा आणि प्रत्यक्ष विटा रचणारा कंत्राटदार पाचवा, अशी स्थिती असते.

ही पाच माणसे एका टेबलाशी एकाच वेळी क्वचितच बसतात. गरज मान्य होते, अधिकाऱ्यांचे मंडळ जागेची पाहणी करते, ढोबळ अंदाजपत्रक तयार होते, प्रशासकीय मान्यता मिळते, मग नकाशे, मग निविदा, मग काम. प्रत्येक टप्प्यावर फाईल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि मागच्या खोलीतील माणूस मोकळा होतो. कंत्राटदार या रांगेत सर्वांत शेवटी येतो. प्रत्यक्ष बांधणीचे ज्ञान ज्याच्याकडे सर्वांत अधिक, त्याला आराखडा दाखविला जातो तो आराखड्यात बदल करण्याची वेळ टळून गेल्यावर.

समजा, एका हँगरचे काम आहे. स्थापत्याचा नकाशा एकाने काढला, विजेचा दुसऱ्याने, अग्निशमनाच्या नळांचा तिसऱ्याने. कागदावर तिन्ही नकाशे निर्दोष आहेत. जागेवर मात्र तुळई जेथून जाते तेथूनच नळ जावयाचा आहे, आणि केबलीचा चर जेथे खणावयाचा तेथे फरशीखालून सांडपाण्याची वाट आहे. हा संघर्ष उघडकीस येतो तो काँक्रीट ओतल्यानंतर. मग तोडफोड, बदलाचा आदेश, वाढीव दराची मागणी, मुदतवाढ, दंडाची नोटीस आणि अखेरीस लवाद. यात कोणी लबाडी केलेली नसते. तरीही पैसा गेलेला असतो, वेळ गेलेला असतो आणि फाईल जाडजूड झालेली असते.

संगणकातील इमारत

'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' अर्थात 'बिम' ही पद्धत याच ठिकाणी उपयोगी पडते. तिला केवळ त्रिमितीय चित्र समजणे ही चूक आहे. या प्रतिमानातील दरवाजा म्हणजे दोन समांतर रेषा नसतात. त्याची रुंदी, वजन, बनावट, किंमत, बसविण्याची तारीख आणि देखभालीची मुदत हे सारे त्या दरवाजाशी जोडलेले असते. स्थापत्य, वीज, पाणी आणि अग्निशमन यांची प्रतिमाने एकत्र ठेवली, की तुळई आणि नळ यांची टक्कर संगणक खणण्यापूर्वीच दाखवून देतो. कामाचे वेळापत्रक जोडले की चौथी मिती आणि खर्च जोडला की पाचवी मिती मिळते. पंधरवड्याने एखादा बदल सुचला, तर त्याने किती दिवस आणि किती रुपये वाढतील, हे तेव्हाच कळू शकते.

ही कल्पना आपल्याकडे परकी राहिलेली नाही. मार्च २०१९ मध्ये ज्या नागपूर मेट्रोवर पहिली गाडी प्रवाशांसाठी धावली, तिच्या उभारणीत महामेट्रोने पाच मितींच्या प्रतिमानाचा वापर केला होता, आणि देशातील मेट्रो प्रकल्पांत त्याची बरीच चर्चाही झाली. विदर्भातील अभियंत्यांना जे जमले, ते कावेरीच्या खोऱ्यात जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

परदेशांतील सैन्यांनी तर ही वाट बरीच आधी धरली. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ऑक्टोबर २००६ मध्ये आपल्या लष्करी बांधकामांसाठी 'बिम'चा सविस्तर मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला. इमारत ताब्यात देताना तिच्यातील यंत्रे, सुटे भाग, हमीपत्रे आणि देखभालीच्या सूचना ठराविक साच्यात सुपूर्द कराव्यात, यासाठी आज जगभर वापरली जाणारी 'कोबी' ही पद्धतही याच दलाच्या संशोधन केंद्रात आकाराला आली. ब्रिटनने मे २०११ मधील बांधकाम धोरणात केंद्र सरकारच्या सर्व प्रकल्पांना २०१६ पर्यंत हे प्रतिमान वापरण्याची मुदत घालून दिली. मुदत घालण्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, काटकसर होती.

लष्करी तळाच्या बाबतीत 'कोबी'सारख्या साच्याचे मोल विशेष आहे, कारण येथे माणसे टिकत नाहीत; वास्तू टिकतात. तळाचा प्रमुख दोन-तीन वर्षांत बदलतो, गॅरिसन इंजिनिअर बदलतो आणि त्यांच्याबरोबर तळाची स्मृतीही बदलीवर जाते. जमिनीखालचा नळ नेमका कोठून गेला आहे, हे बहुधा एखाद्या जुन्या मिस्त्रीला ठाऊक असते आणि तोही एके दिवशी निवृत्त होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'गाजा' चक्रीवादळाने नागपट्टिनम, तंजावर आणि पुदुक्कोट्टई या जिल्ह्यांना झोडपून काढले. अशा प्रदेशात वादळानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत कोणत्या छपराचे पत्रे कोणत्या मापाचे आहेत आणि कोणता वीजमार्ग कोठे तोडता येतो, ही माहिती हाताशी असणे म्हणजे तळ लवकर सज्ज होणे.

करार जुनाच, तर प्रतिमान निरर्थक

मात्र संगणकप्रणाली विकत घेतली म्हणजे काम भागले, असा जो उत्साह राजधानीतील चर्चासत्रांत दिसतो, त्याला आवर घालणे आवश्यक आहे. प्रतिमानाचा खरा लाभ तेव्हा होतो, जेव्हा वापरणारा, रचनाकार, कंत्राटदार आणि त्याचे पोटकंत्राटदार आराखडा कच्चा असतानाच त्यात आपापली माहिती ओततात. आपल्या प्रचलित करारांत असे करण्यास कोणालाही लाभ नाही. उलट, नकाशातील चूक आधी दाखविणारा कंत्राटदार आपल्या भावी वाढीव कामावर पाणी सोडतो. न्यूनतम दराने निविदा भरावयाची आणि नंतर नकाशातील त्रुटींवर जगावयाचे, हा त्याच्यासाठी शहाणपणाचा धंदा ठरतो. दोष त्याच्या नीतीचा कमी, कराराच्या रचनेचा अधिक.

याला उत्तर म्हणून अलीकडे संरचना आणि बांधणी दोन्ही एकाच कंत्राटदाराकडे सोपविण्याची पद्धत, म्हणजे ईपीसी, पुढे आली आहे. तिने जबाबदारी एका ठिकाणी आणली, हे मान्य. तथापि, त्यात जोखीम वाटली जात नाही, ढकलली जाते. करारावर सही झाली, की वापरणाऱ्याचा आवाज बंद होतो आणि त्याने नंतर सुचविलेला प्रत्येक बदल हा वादाचा विषय होतो. लढाऊ विमानांची शस्त्रे आणि उपकरणे बांधकाम चालू असतानाच बदलू शकतात, अशा तळावर हे परवडणारे नाही.

सहकारी करार या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था वेगळी आहे. तीत कंत्राटदाराची निवड आधी होते: गुणवत्ता, अनुभव आणि त्याचा नफा व वरकड खर्च यांची टक्केवारी पाहून. नंतर तो रचनाकाराबरोबर बसून आराखडा पक्का करतो आणि दोघे मिळून एक लक्ष्य-किंमत ठरवितात. किंमत जुळली नाही, तर सरकार पहिल्या टप्प्याचा मोबदला देऊन बाहेर पडू शकते. जुळली, तर हिशेबाच्या वह्या खुल्या राहतात. काम लक्ष्यापेक्षा स्वस्तात झाले तर बचत दोघांत ठरल्या प्रमाणात वाटली जाते. महाग झाले तर तोटाही. चूक लपविण्यात कोणाचाच फायदा उरत नाही, ही या व्यवस्थेची मेख.

या प्रयोगाचा एक आरंभ सैन्याच्याच बांधकामात झाला, हे येथे नमूद करावयास हवे. ब्रिटिश संरक्षण खात्याच्या मालमत्ता विभागाने १९९७ साली 'बिल्डिंग डाउन बॅरिअर्स' हा उपक्रम हाती घेतला आणि ऑल्डरशॉट व वॉटिशॅम येथील दोन क्रीडासंकुले प्रायोगिक म्हणून निवडली. शस्त्रागार किंवा मुख्यालय न निवडता व्यायामशाळा आणि पोहण्याचे तलाव निवडण्यात शहाणपण होते. फसले तरी युद्धसज्जतेला बाधा नव्हती, आणि शिकावयास मिळाले ते पुढच्या मोठ्या कामांना उपयोगी पडणारे होते. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट बेल्व्हॉयर येथील लष्करी रुग्णालयासाठी कंत्राटदाराला रचनेच्या टप्प्यातच सामील करून घेण्यात आले, कारण २०११ ची मुदत कायद्यानेच बांधलेली होती आणि नकाशे पुरे होईपर्यंत थांबण्यास सवड नव्हती.

भीती निराधार नाही

मग आपल्याकडे अडते कोठे? या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही. ते मराठीतील दोन शब्दांमधल्या अंतरात आहे: सहकार्य आणि संगनमत. निविदा उघडण्यापूर्वी अधिकारी आणि कंत्राटदार एकत्र बसले, आराखड्यावर बोलले आणि किमतीवर एकमत केले, तर परदेशी पाठ्यपुस्तकात त्याला सहकार्य म्हणतात. आपल्या दक्षता विभागाच्या टिपणीत त्यालाच संगनमत म्हणतात. केंद्रीय दक्षता आयोगाने मार्च २००७ मध्ये निविदेनंतरच्या वाटाघाटींवर निर्बंध घातले आणि अपवादात्मक परिस्थितीत न्यूनतम दर भरणाऱ्याशीच बोलण्याची मुभा ठेवली. अशा वातावरणात कंत्राटदाराला चहा पाजणे हेही धाडसाचे ठरते, मग लक्ष्य-किंमत ठरविणे दूरच.

ही भीती निराधार आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. २०१० साली गाजलेले कुलाब्याचे 'आदर्श' प्रकरण मराठी वाचकाच्या स्मरणातून गेलेले नाही. ते लष्करी बांधकामाच्या कंत्राटाचे प्रकरण नव्हते, खाजगी सोसायटीचे होते; परंतु लष्कर, महसूल आणि राजकारण यांच्या सीमारेषा पुसट झाल्या की काय होते, याचे दर्शन त्याने घडविले. न्यूनतम दराचा नियम आंधळा असेल. पण आंधळा असल्यामुळेच तो तोंड पाहून निवाडा करीत नाही, ही त्याच्या समर्थकांची बाजू हसण्यावारी नेण्याजोगी नाही. शिवाय लक्ष्य-किंमत आरंभीच फुगवून ठेवली, तर नंतरची 'बचत' ही सरकारच्याच पैशाची वाटणी ठरते. सहकारी कराराचे हे खरे दुखणे आहे.

तरीही दोहोंतील फरक शोधता येतो. संगनमताला अंधार लागतो, तर सहकार्य नोंदीवर चालते. आणि प्रतिमानाचे वैशिष्ट्य असे, की त्यात कोणी, कोणत्या दिवशी, कोणता बदल केला आणि त्याने किंमत किती हलली, याची नोंद आपोआप राहते. आज लेखापरीक्षक काम संपल्यावर दोन-तीन वर्षांनी मोजमाप पुस्तिका उघडतो आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या कामाची सत्यता कागदावरून ताडतो. नीट सांभाळलेले प्रतिमान असेल, तर काम चालू असतानाच त्याला खोदाईचे घनमीटर आणि पोलादाचे टन पडताळून पाहता येतील. ज्या साधनाला लेखापरीक्षक भितात, ते प्रत्यक्षात लेखापरीक्षकाचेच साधन आहे. हे त्यांना पटवून देणे हे या सुधारणेचे पहिले राजकीय काम होय.

दारे किलकिली झाली आहेत

गेल्या काही वर्षांत दिल्लीतून निघालेले काही आदेश या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सर्वसाधारण सूचनांनी बांधकामातही, सक्षम अधिकाऱ्याने तसे घोषित केल्यास, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची वाट मोकळी केली. देयकाच्या ७५ टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत देण्याचे बंधन घातले. आणि इलेक्ट्रॉनिक मोजमाप पुस्तिकेचा पुरस्कार केला. ३ जून २०२४ रोजीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी लवाद सरसकट न ठेवता सामान्यत: दहा कोटी रुपयांखालील वादांपुरता ठेवावा आणि मध्यस्थीचा मार्ग धरावा, असे सुचविले. वाद मिटविण्यापेक्षा वाद होऊ न देणे स्वस्त, हे तत्त्व त्यामागे आहे, आणि सहकारी करार त्याच तत्त्वावर उभा आहे. लष्करी अभियांत्रिकी सेवेसाठी २०२१ साली संकेतस्थळाधारित प्रकल्प संनियंत्रण प्रणालीही सुरू झाली. प्रकल्प कोठवर आला हे दिल्लीत बसून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. प्रकल्प रचतानाच चुका टाळण्याची सोय मात्र वेगळी असते.

वेगाची उदाहरणेही आपल्याकडे आहेत. महायुद्धकाळातील बराकींत दशकानुदशके बसलेली संरक्षण खात्याची कार्यालये १६ सप्टेंबर २०२१ रोजी कस्तुरबा गांधी मार्ग आणि आफ्रिका अव्हेन्यू येथील नव्या संकुलांत गेली. सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांची ही सोय हलक्या पोलादी सांगाड्याच्या तंत्राने बारा महिन्यांत उभी राहिली. बंगळुरूत संरक्षण संशोधन संस्थेची सात मजली इमारत प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत पूर्ण होऊन १७ मार्च २०२२ रोजी खुली झाली. अभिमान वाटावा अशीच ही उदाहरणे आहेत. परंतु मंत्र्यांची रोजची नजर ज्या कामावर असते, त्या कामाचा वेग हा व्यवस्थेचा वेग नव्हे. तंजावरच्या गॅरिसन इंजिनिअरला तसे पाठबळ कसे मिळेल, ही खरी कसोटी.

त्यातच मनुष्यबळाचा प्रश्न आहे. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींना अनुसरून मे २०२० मध्ये लष्करी अभियांत्रिकी सेवेतील १३,१५७ रिक्त पदांपैकी ९,३०४ पदे रद्द करण्यास संरक्षणमंत्र्यांनी मान्यता दिली. सुटसुटीत यंत्रणेचा हेतू योग्यच. पण देखरेख करणारे डोळे कमी झाले, की माहितीची भिस्त अधिक लागते. माणसेही कमी आणि नोंदीही विस्कळीत, असे झाले तर कंत्राटदारावरचे अवलंबन वाढेल आणि ज्या संगनमताला आपण भितो, त्याचीच वाट सुकर होईल.

गुपित आणि गावचा कंत्राटदार

दोन आक्षेपांचा विचार येथे आवश्यक आहे. पहिला गोपनीयतेचा. हवाई तळाचे संपूर्ण प्रतिमान शत्रूच्या हाती लागले, तर बॉम्ब कोठे टाकावा याचा नकाशाच त्याला मिळाला. शासकीय गुपिते कायदा आणि लष्करी अभियांत्रिकी सेवा या दोहोंचा जन्म १९२३ चा, हा योगायोग बोलका आहे. उत्तर असे, की संवेदनशील वास्तूंची प्रतिमाने बाह्य जाळ्यापासून तोडलेल्या संगणकांवर ठेवावी लागतील आणि प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच भाग दिसेल, अशी कवाडे बांधावी लागतील. या माहितीची सुरक्षितता कशी राखावी, याचे आंतरराष्ट्रीय मानकही २०२० साली सिद्ध झाले आहे. आजची स्थिती आदर्श आहे, असेही नाही. झेरॉक्सच्या दुकानात पोहोचलेला कागदी नकाशा कोणी कोणी पाहिला, याची नोंद कोठेच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महागडी संगणकप्रणाली आणि प्रशिक्षित माणसे मोठ्या कंपन्यांकडेच असतात. तंजावर-तिरुचिरापल्ली पट्ट्यातील, पिढ्यान्‌पिढ्या छावण्यांची कामे करणारा लहान नोंदणीकृत कंत्राटदार या शर्यतीत टिकेल काय? पाच-सहा बड्या कंपन्यांच्या हाती सगळी लष्करी बांधकामे गेली, तर स्पर्धा मरेल आणि सहकाराच्या नावाखाली मक्तेदारी येईल. यासाठी प्रतिमान सरकारच्या मालकीचे असावे आणि लहान कंत्राटदाराला ते वापरावयास फुकट मिळावे. त्याच्या माणसांना शिकविण्यासाठी दूर जावे लागू नये. पुण्याचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय अधिकाऱ्यांना घडविते. तंजावरचे शास्त्र विद्यापीठ आणि तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान यांच्या दारात पर्यवेक्षकांचे वर्ग भरविणे अशक्य नाही. २०१८ साली जाहीर झालेल्या तमिळनाडूच्या संरक्षण औद्योगिक पट्ट्यात तिरुचिरापल्लीचा समावेश आहेच.

सही कोणी करावयाची?

सुधारणेचा आरंभ लहान असावा. दक्षिणेतील एखाद्या स्थानकावरील जवानांची निवासस्थाने या प्रयोगासाठी योग्य ठरतील. त्यांत गुपित काही नाही, आराखड्याची पुनरावृत्ती आहे आणि तुलना करण्यास जुन्या कामांचे आकडे हाताशी आहेत. २००२ साली सुमारे दोन लाख घरांचे उद्दिष्ट घेऊन सुरू झालेल्या विवाहित निवास प्रकल्पाचे टप्पे कसे लांबत गेले, हे ठाऊक असलेल्यांना या निवडीचे मर्म सांगावयास नको. घराची वाट पाहणाऱ्या जवानाचे कुटुंब गावी राहते आणि तो सीमेवर नसतानाही घरापासून दूर राहतो.

या प्रयोगाला चार अटी असाव्यात. लक्ष्य-किंमत त्रयस्थ मूल्यमापकाने जुन्या कामांशी ताडून प्रमाणित करावी. वित्त विभागाचा आणि लेखापरीक्षणाचा प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून त्याच टेबलाशी असावा. नंतर येऊन आक्षेप घेण्याचा अधिकार त्याने आधी पाहून ठेवण्याच्या जबाबदारीसह वापरावा. देखभालीची संपूर्ण नोंद साच्यात भरून दिल्याखेरीज इमारत ताब्यात घेऊ नये आणि अखेरचे देयक अदा करू नये. आणि निकाल, मग तो यशाचा असो वा अपयशाचा, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवावा.

या चारांपैकी कोणत्याही अटीला नवा कायदा लागत नाही. लागते ती सही. सद्भावनेने, नोंद ठेवून घेतलेला निर्णय उद्या चुकीचा ठरला तरी अधिकाऱ्याची चौकशी होणार नाही, असे लेखी अभय सचिव पातळीवरून मिळाल्याशिवाय ही सही कोणताही मुख्य अभियंता करणार नाही; आणि त्याने का करावी? राजधानीतील मंत्रालयांत आज अनेक मराठी अधिकारी वित्त, दक्षता आणि बांधकाम या तिन्ही बाजूंना बसलेले आहेत. आपल्या बाजूच्या खोलीतील सहकाऱ्याने केलेली टिपणी ही आपल्याविरुद्धचा पुरावा नसून एकाच कामाची नोंद आहे, असे त्यांना वाटू लागले, तर निम्मे काम झाले.

बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला हिशेब देवाला वाचता यावा म्हणून कोरलेला नव्हता. पुढे येणाऱ्या कारभाऱ्याला काय आले, काय दिले आणि कोणाचे काय देणे आहे, हे कळावे म्हणून तो होता. म्हणूनच एक हजार वर्षांनंतरही त्या मंदिराची मालमत्ता तोलून पाहता येते. पुदुक्कोट्टईच्या रस्त्यालगतच्या तळावर वीस वर्षांनी रुजू होणाऱ्या गॅरिसन इंजिनिअरला आपल्या हँगरखालचा नळ कोठून गेला आहे, हे फावडे न उचलता कळेल की नाही, हे आज दिल्लीत होणाऱ्या सह्यांवर ठरणार आहे.